कापूस अडकला की

कारखान्यात सगळे तिला कापूसआत्या म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. सतरा वर्षं ती चुंबकांच्या कडा मोडत आली होती. दुर्मिळ धातूंची भुकटी दाबून-भाजून केलेल्या वड्या हिऱ्याच्या चाकावर कापल्या, की त्यांना वस्तऱ्यासारखी धार येई. मग ड्रममध्ये खड्यांबरोबर सहा तास घुसळून कडा गोल करायच्या, तेव्हा कुठे निकेलचा मुलामा. आत्या एकेक वडी कापसाच्या बोळ्यावरून फिरवी. तंतू अडकला, की वडी परत ड्रममध्ये.

"धारेवर मुलामा टिकत नाही," ती म्हणे. "टवका उडतो, ओल शिरते, आतून भुगा होतो. वरून नवरदेव, आतून भुसा!"

नव्या साहेबांना घाई होती. "आत्या, दोन तास पुरेत. तो कापूस आता उशीत भरा."

"उशी तुम्हालाच लागेल साहेब. माल परत आला, की डोकं टेकायला."

पलीकडे निकेल चढवणारा मुलामेवाला भिंतीकडे तोंड करून हसला. साहेब पेटले. साहेबांच्या दोन तासांच्या वीस आणि आत्याच्या सहा तासांच्या वीस वड्या मुलामा देऊन, गंज धरतो का ते पाहायच्या मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवायच्या ठरल्या. आत्याची एक जरी गंजली, तर सोमवारपासून ड्रम सोडून तिने पॅकिंगला बसायचं.

"बसेन," आत्या म्हणाली.

चौथ्या दिवशी पेटी उघडली. साहेबांच्या अकरा वड्यांच्या कोपऱ्यांना फोड आलेले. आत्याच्या एकोणीस लख्ख. विसाव्या वडीच्या कडेला मात्र तांबूस ठिपका.

"सापडलात!" साहेब ओरडले.

आत्याने चष्मा लावून वडी निरखली. "माझीच आहे. त्या दिवशी तुमच्यावर इतकी भडकले होते, की शेवटच्या वडीला कापूस लावायचाच राहिला. एक सोडली, तीच गंजली."

"म्हणजे हरलात."

"हरले की. शब्द म्हणजे शब्द. पण साहेब, तुमच्या दोन तासांच्या वड्या डब्यात भरणार कोण? मीच ना? मग कापूस घेऊनच बसेन. तंतू अडकला, तर डबा बंद होणार नाही. काढायचं तर कामावरूनच काढा."

तिने बोळा एप्रनच्या खिशात कोंबला आणि चहाला निघून गेली.

सोमवारी दुपारपर्यंत पॅकिंगच्या टेबलावर एकही डबा बंद झाला नव्हता. साहेब दोनदा येऊन उघडे डबे मोजून गेले. आणि पलीकडे मुलामेवाल्याने, कुणाला न विचारता, ड्रमच्या वेळेचा काटा दोनवरून पुन्हा सहावर नेऊन ठेवला.