मोठा बँड, प्रतिसाद निरंक

पहिला फोन आला तेव्हा गाणं अजून संपलं नव्हतं.

"म्याडम, हा बँड कुठचा हाय?"

"परदेशातला आहे. आपण कोण बोलताय?"

"बोरगाव मंजूवरून बोलून राहिलो. मे महिन्यात पोरीचं लगन हाय. आतालोक चार बँड पाहिले, असा दनका कोनाचाच नाही. त्याइचा नंबर द्या."

हे लोक लग्नात वाजवत नाहीत, असं मी सांगितलं.  पलीकडून आवाज आला, "मंग एवढा मोठा बँड कायले केला?"

 मी फोन ठेवला, तर लगेच पुन्हा वाजला.

मी अकोल्याच्या एका लहान एफएम केंद्रावर निवेदक आहे. रविवारी सकाळी साडेआठ ते नऊ 'दूरचे सूर' हा माझा कार्यक्रम असायचा. जगभरचं संगीत लावायचं आणि त्याबद्दल सोप्या मराठीत चार वाक्यं बोलायची, एवढंच त्याचं स्वरूप. स्टुडिओच्या भिंतींना फोम लावलेला असतो, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. रविवारी तर इमारतीत मी आणि वॉचमन, दोघंच. लाल दिवा लागला की समोरच्या काचेकडे बघून बोलायचं. काचेत आपणच दिसतो.

प्रत्येक कार्यक्रमानंतर प्रतिसाद नोंदवहीत नोंद करावी लागते. किती फोन आले, किती पत्रं आली, कोण काय म्हणालं. काहीच आलं नसेल तर 'निरंक' लिहायचं. सरकारी कागदांत 'शून्य' न लिहिता हा शब्द लिहितात, तोच आमच्याकडेही आला. माझ्या रकान्यात वर्षभर निरंक होतं. इतर कार्यक्रमांचे निवेदक कधी मावशीला, कधी मेहुण्याला फोन करायला लावत, हे मला माहीत होतं. मला तेही करता येत नव्हतं. माझे आईवडील शेंदूरजनाघाटला असतात. बाबा संत्र्याच्या पेट्या भरतात. आमच्या केंद्राचा आवाज तिथपर्यंत पोचत नाही. "पोरगी रेडिओत हाय," असं ते मंडीत सगळ्यांना सांगतात, पण त्यांनी मला रेडिओवर कधी ऐकलेलं नाही.

त्या महिन्यात केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं. वर्षभर निरंक असलेले कार्यक्रम महिनाअखेर बंद करावेत. माझ्याकडे दोन रविवार उरले होते.

जी सीडी मी लावली ती मला अमरावतीच्या सरांनी दिली होती. सर आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. घरात शिकलेलं कोणी नसलेल्या माझ्यासारख्या मुलीला त्यांनी पुस्तकं दिली, घरी बसवून संगीत ऐकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सीडींचा अख्खा खोका दिला. त्यांचं एक वाक्य मी कायम पाळलं. "सोपं करून सांग. समोरच्याला कळलं नाही तर चूक आपली."

त्या सीडीवर आपल्याकडचं एक जुनं, लेकीच्या पाठवणीचं सिनेमातलं गाणं होतं. तीन पिढ्यांना पाठ असलेलं. ते परदेशातल्या एका जाझ बिग बँडने वाजवलं होतं. बिग बँड म्हणजे सतरा-अठरा वादकांचा ताफा. ट्रम्पेटवाल्यांची एक रांग, ट्रॉम्बोनवाल्यांची एक, सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवाल्यांची एक. सोबत पियानो, बास आणि ड्रम. रांगा एकमेकींशी सवालजवाब केल्यासारख्या वाजतात. मग मध्येच सगळे गप्प होतात आणि एकच जण मनाने वाजवत राहतो. त्याला सोलो म्हणतात.

हे सगळं मी निवेदनात सांगितलं. फक्त 'बिग बँड' हा शब्द श्रोत्यांना जड जाईल असं वाटलं, म्हणून मी म्हणाले, "आता ऐकू या एक मोठा बँड."

आमच्या भागात बँड म्हणजे लग्नाचा बँड. दुसरा कुठला असतो? तुळशीचं लग्न उरकून मुहूर्त सुरू झाले होते. अर्ध्या तासात फोनवर फोन आले आणि त्यातले बहुतेक बुकिंगचे होते. एकाने विचारलं, घोडी त्यांचीच असते की वेगळी सांगावी लागते. जठारपेठेतल्या एक बाई मात्र चिडल्या होत्या.

"काहो, हे लेकीच्या पाठवणीचं गानं हाय ना? आमी थे ऐकून रडतो. तुमी त्याले नाचवून राहिले!"

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. माही लेक काल गेली सासरी." आणि त्यांनी फोन ठेवला.

शेवटचा फोन आला तेव्हा कार्यक्रम संपून दहा मिनिटं झाली होती. मी सीडी कव्हरमध्ये घालत होते.

"म्याडम, मी गुलाबराव खंडारे. पातूरवरून बोलतो. त्या गान्यात मधात सारे थांबतेत अन् एकटी क्लॅरिनेट वाजते. थो मानूस कोन हाय?"

कव्हरवर फक्त बँडचं नाव होतं. तसं मी सांगितलं.

"लिहाले पाहिजे होतं," ते म्हणाले. "मी क्लॅरिनेटवाला. बँड पार्टीत चाळीस वर्सं होतो. पाठवनीले हेच गानं वाजवलं. पन आमचे मास्तर एकट्याले वाजू नाही देत. म्हनत, एकटा वाजला त बँड संपला वाटते लोकाइले. बाकीच्याइच्या आवाजात माही क्लॅरिनेट मलेच ऐकू नाही ये. आज पयल्यांदा समजलं, थे एकटी कशी लागते."

"आता बँड नाही?"

"डीजे आला, बँड गेला. आमी चौदा होतो. आता गावात मी एकटाच हाओ."

मी विचारलं, पातूरला आमचं केंद्र लागतं का? ते म्हणाले, घरी लागत नाही, नुसती खरखर येते. म्हणून दर रविवारी ते ट्रान्झिस्टर घेऊन लेण्यांच्या टेकडीवर जाऊन बसतात. तिथे साफ लागतं.

"दर रविवारी?"

"वरीस झालं. मागं तुमी थो बासरीवाला लावला होता, थोयी चांगला होता."

 मी वर्षभर नोंदवहीत निरंक लिहीत होते, तेव्हा हा माणूस टेकडीवर बसून ऐकत होता.

सोमवारी मी वही घेऊन काळे साहेबांकडे गेले. ते आमचे केंद्रप्रमुख. माणूस वाईट नाही, नियमाचा पक्का.

"बुकिंगच्या चौकशा प्रतिसादात धरता येणार नाहीत, म्याडम. तो लग्नाला प्रतिसाद आहे, कार्यक्रमाला नाही."

"जठारपेठेच्या बाई?"

"ती तक्रार. तक्रार आली म्हणून कार्यक्रम चालू ठेवा, असं वर कसं लिहू?"

"आणि पातूरचे गुलाबराव?"

साहेबांनी मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. आमच्या टॉवरभोवती त्यावर लाल वर्तुळ काढलेलं आहे. त्याला कव्हरेज म्हणतात. त्याच्या आतले तेवढे आमचे श्रोते.

"पातूर बाहेर आहे."

"पण ते ऐकतात, साहेब."

"ऐकत असतील. मोजता येत नाहीत."

मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं की त्या वेळेत अमरावतीचे एक कोचिंग क्लासवाले करिअर मार्गदर्शन करायला तयार आहेत. पत्र शनिवारीच गेलं होतं. वहीत माझ्या रकान्यात निरंक लागलं.

संध्याकाळी मी गुलाबरावांना फोन केला. दर आठवड्याला टेकडी चढणाऱ्या माणसाला कार्यक्रम बंद होणार हे आधी कळायला हवं, असं मला वाटलं. पातूर नकाशावरच्या वर्तुळाबाहेर आहे, हेही सांगितलं.

"वर्तूळ म्हंजे काय?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं.

"मंग मी बाहीर हाओ त मले ऐकू कसं येते?"

"नकाशावर टेकडी धरलेली नाही, काका."

 ते म्हणाले, "येत्या रइवारी थेच गानं लावसान?"

शेवटच्या रविवारी मी तेच लावलं. या वेळी 'बिग बँड' असंच म्हटलं. एकही बुकिंग आलं नाही. ट्रम्पेट गर्जून थांबले, क्लॅरिनेट एकटी सुरू झाली, आणि मी पहिल्यांदाच काचेकडे न बघता ऐकलं. गाणं संपत आलं तेव्हा फोन वाजला.

"म्याडम, गुलाबराव बोलतो. तुमच्या टावरखाली टपरी हाय ना चहाची, तिथी बसलो. पयल्या एस्टीनं आलो. आता त वर्तुळात हाओ? लिहून घ्या."

मी निरोपाची दोन वाक्यं बोलले, माइकचा फेडर खाली केला आणि धावत खाली गेले. बाकावर एक बारीकसे गृहस्थ बसले होते. एका बाजूला ट्रान्झिस्टर, दुसऱ्या बाजूला कापडात गुंडाळलेली क्लॅरिनेट. आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, "काका, वाजवा ना थोडी."

त्यांनी क्लॅरिनेटच्या कापडावर हात ठेवला. "नोको. टपरीवाल्याले वाटन वरात आली." मग ते हसले. मीही हसले. अकराच्या गाडीने ते परत गेले.

वर येऊन मी नोंद केली: 'श्री. गुलाबराव खंडारे. ऐकण्याचे ठिकाण, केंद्रासमोरील चहाची टपरी. अभिप्राय, मधली एकटी क्लॅरिनेट आवडली.' सोमवारी काळे साहेबांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. कार्यक्रम अर्थातच बंद झाला. आता त्या वेळेत करिअर मार्गदर्शन असतं. त्याचं निवेदन मीच करते. प्रतिसाद भरपूर असतो.

यातून मी एक गोष्ट शिकले. एखादा शब्द सोपा करण्याआधी ऐकणाऱ्याच्या गावात त्याचा अर्थ काय होतो, हे विचारून घ्यावं. दुसरी गोष्ट वहीतली आहे. एखाद्या रविवारी फोन आला नाही, तर मी आता 'निरंक' लिहीत नाही. 'कोणी ऐकले ते कळले नाही' असं लिहिते, त्या रकान्यात मावेल एवढ्या बारीक अक्षरात. तपासणीत त्यावर शेरा आला आहे: 'योग्य शब्द वापरावा.' योग्य शब्द मला अजून सापडलेला नाही.