घरच्या कॉम्प्युटरचे पालक

आधीच सांगून ठेवतो, या किश्श्यात शहाणा मी नाही. बाकीचे सगळे आहेत. तेव्हा चहा गार व्हायच्या आत ऐकून घ्या आणि काय हसायचं ते एकदाच हसून घ्या.

हे घडलं गावच्या गाडीचं बुकिंग उघडायच्या आदल्या दिवशी. आमच्या भावकीत गणपती फिरता असतो. पाच घरं, पाच वर्षांनी पाळी. यंदा पाळी आमची. आई चार वर्षं या पाळीची वाट बघत होती आणि बसने तेवढा प्रवास तिच्या कमरेला झेपत नाही. म्हणजे रेल्वेचंच तिकीट हवं. ते सकाळी आठला उघडतं आणि तुम्ही जांभई देईपर्यंत संपतं. गेल्या वर्षी मी नाव टाइप करत बसलो आणि वेटिंग हाती आलं. यंदा चूक करून चालणार नव्हतं.

आता घराबद्दल. नाहूरला आमचा वन बीएचके, त्यात कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. त्यावर हक्क चौघांचा. आई दशावताराचे व्हिडिओ बघते. बायको, शुभांगी, साड्यांची लाइव्ह विक्री बघते आणि घेत काहीच नाही. मुलगी तन्वी बारावीला आहे, ती अभ्यास करते असं आम्ही समजतो. आणि मी बातम्या वाचतो. फुकटात मॅच दाखवणाऱ्या साइट्स या घरात कोण उघडतं, हा विषय आत्ता नको.

तर त्या रविवारी दुपारी आई दशावतार बघत बसली होती. संकासुर येणार एवढ्यात पडद्यावर एक बाई आली, अंगावर कपडे जेमतेम, आणि म्हणाली, रमी खेळा. आईने जपमाळ खाली ठेवून मला हाक मारली.

"मनोहर, तिका सांग, माका पत्ते खेळूक येणत नाय."

शुभांगीने माझ्याकडे बघितलं. तन्वीने छताकडे बघितलं. असल्या जाहिराती फुकट मॅचवाल्या साइट्सवरूनच मागे लागतात, असं ती पूर्वी एकदा बोलली होती म्हणे. मी ते कानाआड केलं आणि तिथल्या तिथे घरचा कर्ता पुरुष झालो. घरातली नवी पिढी बिघडत चाललीय, यावर काहीतरी केलं पाहिजे, असं मोठ्यांदा म्हणालो. नवी पिढी सोफ्यावर रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली होती, पण म्हणून काय झालं?

कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असा माझा समज आहे. पवईला मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे, पण आमच्या इमारतीत बाकी सगळ्या आयटीवाल्या कंपन्या. रोज त्या पोरांबरोबर लिफ्टमध्ये उभा असतो. थोडं तरी ज्ञान झिरपणारच ना?

संध्याकाळी एक अॅप उतरवलं, नको त्या साइट्स बंद करणारं. त्याने पहिल्या रकान्यात पालकांचा ईमेल मागितला. मी बोट लावायच्या आत तिथे एक ईमेल आपोआप येऊन बसला. वा, म्हटलं, ओळखतं आपल्याला! चष्मा टीव्हीवर होता, उठायचा कंटाळा केला. खाली आणखी एक रकाना रिकामा होता. रिकामा रकाना दिसला की आपलं नाव लिहायचं, ही शाळेपासूनची सवय. तिथे माझा ईमेल टाकला. मग पुढे, पुढे, मान्य, मान्य. वाचतं का कोण? लग्नात भटजी जे काही म्हणाले, ते तुम्ही वाचून मान्य केलं होतं?

मग अॅपने विचारलं, बंदोबस्त सौम्य, मध्यम की कडक. कडक म्हणजे आपण लिहून देऊ तेवढ्याच साइट्स उघडणार, बाकी जग बंद. मी अर्थातच कडक घेतला. यादीत बोर्डाची साइट लिहिली, एक डिक्शनरी लिहिली, आणि हवामानाची एक लिहिली. हवामान का, ते मला आजही सांगता येणार नाही.

जेवताना मी भाषण केलं. यापुढे या घरात कुणालाही काहीही उघडायचं असेल तर आधी परवानगी मागायची, तीसुद्धा कारण देऊन. तेवढ्यात तन्वीचा फोन किणकिणला. तिने वाचलं, गालात हसली आणि म्हणाली, "चालेल बाबा. नियम सगळ्यांना सारखा ना?"

मी म्हटलं, सारखाच. केवढी समजूतदार पोर! खरं सांगतो, मला भरून आलं.

सोमवारी सकाळी तन्वी कॉलेजला गेली. मी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून आठला दहा कमी असताना कॉम्प्युटरपुढे बसलो. मागे खुर्चीत आई. तिकिटांची साइट उघडली, तर पडद्यावर अक्षरं आली: हे पान उघडायला पालकांची परवानगी लागेल. मी हसलो. अरे बाबा, पालक मीच! परवानगी मागायचं बटण दाबलं आणि फोन हातात घेऊन स्वतःच्या विनंतीची वाट बघू लागलो.

फोनवर काही येईना. म्हणून फोनवरूनच साइट उघडायला गेलो, तर तिथेही तेच. फोनवर माझा ईमेल तोच, म्हणून बंदोबस्तही तोच! शुभांगीच्या फोनवर तिकिटांचं खातंच नव्हतं. शेवटी मी चष्मा लावला. पालक म्हणून तिथे तन्वीचं नाव होतं. लॉकडाउनमध्ये शाळा घरी आली तेव्हा तो कॉम्प्युटर तिनेच तिच्या ईमेलने चालू केला होता. आणि पाल्य म्हणून, वय वर्षं एकावन्न, मी.

तन्वीला फोन लावला. तिने कापला. परत लावला, परत कापला. आठला दोन कमी असताना पडद्यावर नवी ओळ आली: पालकांनी विनंती नाकारली आहे.

माझी काय वाट लागली असेल विचार करा. मागून आई विचारतेय, "गाडी गावली?" समोर घड्याळात आठ वाजून गेले, पाच मिनिटं झाली. चार वर्षं वाट बघणाऱ्या बाईला काय तोंड दाखवायचं? मला खरोखर रडू येत होतं. शुभांगीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, त्याने जास्तच लाज वाटली.

आठ वाजून नऊ मिनिटांनी तन्वीचाच फोन आला. चारही तिकिटं कन्फर्म, आजीला खालचा बर्थ. कॉलेजच्या जिन्यात उभं राहून तिने माझ्याच खात्यातून काढली होती. ते खातंही तिनेच उघडून दिलेलं. मी विचारलं, मग मला परवानगी का नाकारलीस?

"बाबा, खातं एकच आहे. तुम्ही आत आला असता तर मी बाहेर फेकले गेले असते. आणि तुमचं टायपिंग मी गेल्या वर्षी बघितलंय ना."

बरं, आता तरी मला पालक कर, असं मी हळूच म्हणालो. विचार करते म्हणाली, आणि कारण लिहून पाठवायला सांगितलं.

फोन ठेवून मी आईला सगळं नीट समजावलं. चुकून तन्वी पालक कशी झाली, मी मूल कसा झालो, त्या अॅपचा कसा घोटाळा झाला. आईने खालचा बर्थ मिळाल्याचं दोनदा विचारून घेतलं, मग शांतपणे म्हणाली,

"घोटाळो कसलो? त्याका बरोबर कळला, घरात जाणता कोण ता."