हंड्याची आतली बाजू

माझ्या हाताला रांगोळीचं वळण होतं आणि त्याचा मला गर्व होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. तळेगावात आमच्या आळीत मुंज असो की डोहाळजेवण, रांगोळीला बोलावणं मला यायचं. ही विद्या मूळची आईची. वडील गेल्यावर तिचं हळदकुंकू सुटलं, रांगोळी सुटली नाही. सकाळी सडा घातला की ती रांगोळी काढून बाजूला सरकायची आणि तिच्यावर चिमूटभर हळदकुंकू मी वाहायची. ह्या वाटणीबद्दल आम्ही दोघी कधी काही बोललो नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका होते. लग्न जमत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी ते जमू देतही नव्हते. त्या वर्षी तपासणीला आलेल्या बाईंनी शेरा लिहिला की, शाळेत चित्रकलेची सरकारी परीक्षा पास झालेली शिक्षिका असली पाहिजे. मला वर्षभराची मुदत मिळाली. जमलं तर जागा कायम, नाही जमलं तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी. जागा गेली म्हणजे आमच्या दोन खोल्याही गेल्या, कारण त्या शाळेच्याच होत्या. मग पुण्याला माझ्या भावाचं घर तेवढं उरत होतं. त्या घरातून आई एकदा भरल्या ताटावरून उठून आली होती. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. परत येताना टांग्यात एवढंच म्हणाली, "पुन्हा त्या उंबऱ्यात मला नेऊ नकोस."

शेऱ्याची बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं दारातली रांगोळी आखडती घेतली. नुसते चार ठिपके आणि दोन रेघा. मी विचारलं तर म्हणाली, "राहायचं की जायचं ते ठरू दे. जागेला उगाच सवय कशाला लावायची?"

मला मात्र काळजी नव्हती. चित्रकला म्हणजे शेवटी रेघाच ना, असा माझा हिशोब. लोणावळ्याला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. दर रविवारी सकाळच्या गाडीनं मी त्यांच्याकडे जाऊ लागले. लोकांनी बोलायला नको म्हणून त्यांच्या पत्नी दारातच शेंगा सोलत बसत. पहिल्या दिवशी मास्तरांनी स्टुलावर एक तांब्या ठेवला आणि म्हणाले, "काढा."

मी दहा मिनिटांत काढला. गोल गरगरीत तोंड, खाली सुबक पोट, बूड एका सरळ रेघेत. मास्तरांनी तो कागद भिंतीला टाचला, लांब जाऊन उभे राहिले आणि चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाला शब्द सापडत नसतील.

"तुम्ही कुठे बसला होतात?" त्यांनी विचारलं.

"इथेच की, पाटावर."

"पोट पाटावरून बघितलंत आणि तोंड आढ्यावरून. तांब्याचं तोंड गोल आहे हे मलाही ठाऊक आहे हो. पण इथून तुम्हाला ते गोल दिसतंय का?"

दिसत नव्हतं. चपटं दिसत होतं. पण तांब्याचं तोंड चपटं काढायचं म्हणजे मला पाप केल्यासारखं वाटत होतं. रांगोळीत आम्ही सगळं वरून बघतो. आमच्या कलशाचं तोंड कुणी कधी दाबलेलं नव्हतं. घरी येऊन मी आईला चपट्या तोंडाचा तांब्या काढून दाखवला तर तिनं नाक मुरडलं. "कुणी पाय दिला ह्याच्यावर? असला चेपका तांब्या मी देवापुढे ठेवणार नाही."

पण परीक्षा देवापुढे द्यायची नव्हती. दीड महिना मी लंबगोल काढले. पाटीवर, जुन्या वह्यांवर, परातीतल्या पिठावरसुद्धा. हात न उचलता वीस-वीस लंबगोल एका दमात, एकही वेडावाकडा नाही. मग एका रविवारी मोठ्या ऐटीत मास्तरांपुढे घागर, वाटी आणि फुलपात्र मांडलं. त्यांनी चष्मा पुसला. "लंबगोल उत्तम आहेत. भांडी कुठायत?"

माझ्या नाकावरचा राग सगळ्या आळीला ठाऊक होता. त्या दिवशी मास्तरांनाही कळला. "दीड महिना घासतेय मी. आणखी काय करू?" असं म्हणून मी कागद गुंडाळले आणि चहा न घेता निघाले. मास्तरीणबाईंच्या सुपातल्या शेंगा माझ्या पायानं सांडल्या, त्या उचलायलाही थांबले नाही. आजही आठवलं की लाज वाटते. गाडीत कामशेत येईपर्यंत मी मनातल्या मनात मास्तरांना सुनावत होते. कामशेतनंतर रडू यायला लागलं, कारण चूक काय ते मला कळतच नव्हतं आणि परीक्षेला तीन महिने राहिले होते. पुढचे दोन रविवार मी गेले नाही. एक दिवस आई ट्रंकेतली लुगडी काढून पुन्हा नीट रचताना दिसली.

त्याच आठवड्यात दिवाळीच्या तोंडावर आळीत कल्हईवाला आला. वडगावकडचा, दाढी पिकलेला मुसलमान. दरवर्षी आमच्याच दारासमोर जमिनीत खड्डा करून भाता लावायचा आणि तीन दिवस बसायचा. आईनं पाण्याचा मोठा, तांब्याच्या पत्र्याचा हंडा त्याच्याकडे दिला. मी ओट्यावर बसून त्याच हंड्याचं चित्र काढत होते, म्हणजे रागानं गिरवत होते. पाणी प्यायला आला तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

"लय झ्याक काढलंय, बाई," तो म्हणाला. मग मान तिरकी करून कागदाकडे बघत राहिला. "पर ह्यात हात कुटनं घालायचा?"

"चित्र आहे ते, भाऊ. त्यात हात कशाला घालायचा?"

"व्हय, चित्र हाय. पर हंडा हाय ना? मला कल्हई आतनं करायची असती. तुमच्या हंड्याला आत न्हाईच. नुसतं झाकण ठेवल्यावानी दिसतंय."

मास्तरांवर उरलेला राग मी त्याच्यावर काढणार होते, पण तो तोवर कामालाही लागला. मी तणतणत बघत बसले. हंड्यात वाळू टाकून तो अनवाणी आत उभा राहिला आणि भिंतीला हात टेकून कमरेतून ह्या बाजूला, त्या बाजूला वळत राहिला. हंडा आतून लख्ख झाला. मग विस्तवावर धरून नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवून त्यानं कापसाचा बोळा आतून भराभर फिरवला. शेवटी हंडा उन्हात तिरका धरून हळूहळू फिरवू लागला.

"काय बघता?" मी विचारलं.

"उजेड फिरतो का बघतुया. हितनं आत गेला, की मागल्या अंगाला चढला पायजे, मंग बुडाशी उतरला पायजे. कुटं अडला, की तितं कल्हई लागली न्हाई."

मी ओट्यावरून उतरून त्याच्याशेजारी मातीत बसले. खरंच, उजेड फिरत होता. काठाच्या आत सावली होती, समोरच्या आतल्या भिंतीवर चकाकी होती, आणि काठालासुद्धा जाडी होती. लहानपणापासून मी ह्याच हंड्यातून पाणी काढत होते. इतक्या वर्षांत त्याची आतली बाजू मी एकदाही पाहिली नव्हती, फक्त हात घातला होता. दीड महिना घोटलेले लंबगोल मी कागदावर झाकणासारखे ठेवत होते. एवढी साधी गोष्ट!

ते तीन दिवस शाळा सुटली की मी तिथेच बसले. भांडं काचेचं असल्यासारखं काढायला लागले. आधी दिसत नाही ती मागची बाजू, आतलं बूड, मग पुढची बाजू. नको त्या रेघा नंतर पुसायच्या. रोज त्याला दाखवायची; आई दारात तांदूळ निवडत ऐकत असायची. तो रोज मान हलवायचा. "न्हाई. अजून मनगटाला लागतंय." तिसऱ्या दिवशी सामान बांधताना त्यानं कागद हातात घेतला, बघितला आणि काळं बोट थेट हंड्याच्या तोंडात टेकवलं. "आता जातोय हात."

तो डाग तसाच घेऊन मी रविवारी लोणावळ्याला गेले. मास्तरीणबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बस आता, शेंगा सोल." मास्तरांनी कागद भिंतीला टाचला, लांब गेले, परत जवळ आले. "हा डाग कसला?"

"कल्हईवाल्यानं हात घालून बघितला."

मास्तर इतके हसले, की त्यांना खोकल्याची उबळ आली. "मी दोन महिने घसा फोडला, तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी! त्याचा पत्ता देऊन ठेवा. पुढचा विद्यार्थी थेट तिकडेच पाठवतो." तो कागद त्यांनी मला परत दिला नाही.

पुण्याला परीक्षेत पितळी बादली आणि शेजारी वीट ठेवली होती. बादलीचं एवढं थोरलं तोंड बघून मला हसूच फुटलं. आधी मी तिची पलीकडची भिंत काढली.

निकाल शाळेच्या पत्त्यावर आला. संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं, "पास झाले. जागा कायम झाली." तिनं नुसतं "हं" केलं आणि आमटी ढवळत राहिली. मला वाईट वाटलं. एवढी मर मर मेले ती कुणासाठी, असं तोंडावर आलेलं मी गिळलं.

सकाळी दार उघडलं तर सगळं अंगण रांगोळीनं भरलेलं होतं. उंबऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत वेल, गोपद्मं, पावलं. मधोमध एक कलश होता आणि त्याचं तोंड गोल नव्हतं. चपटं होतं. काठाला दोन रेघा होत्या आणि आत कोळशाच्या पुडीची सावली होती. आई हातातली वाटी घेऊन बाजूला उभी होती.

"हात जातो का बघ," ती म्हणाली.

माझी खोड कुठली जायला! "डावी बाजू जरा वर चढलीय गं," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

"असू दे," आई म्हणाली. "उद्या नीट काढीन. आता कुठं जायचंय आपल्याला?"