अंगावरून जाणं

आमच्याकडं बायकांच्या कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांना मिळून एकच शब्द आहे: अंगावरून जातंय. लाल असो, पांढरं असो, त्यातच सगळं आलं. या शब्दापायी माझ्या आईची पाठ फुटली, आणि दवाखान्यात तो मी सांगितला होता.

आईची गर्भाची पिशवी काढून दहा दिवस झाले होते. विंझरच्या पुढं आमचं गाव, मी भोरला कचेरीत नोकरीला. ती फोनवर म्हणाली, "पानी जातंय गं, सारखं." मी पडले शिकलेली. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात फोन करून सिस्टरला सभ्य भाषेत कळवलं, की अंगावरून पांढरं जातंय. त्यांनी गोळ्या सांगितल्या. त्या संपल्यावर दुसऱ्या सांगितल्या. दीड महिना मी मोबाईलवरून आईवर उपचार करत होते आणि ती रोज दोन गोधड्या धूत होती.

एका रविवारी सकाळी नसरापूरला एसटी बदलून घरी गेले. आई न्हाणीच्या दगडावर गोधडी धूत बसली होती. मागं आबा, माझे वडील, हातात निरगुडीचा फोक घेऊन उभे. ते ओरडत नव्हते. एकेका शब्दाला एकेक फटका देत होते. लाज. न्हाई. म्हातारपनी. अंथरुनात. आई हूं की चूं करत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. पोलक्यातून रक्त आलं होतं आणि तिचे हात गोधडी पिळतच होते.

मी फोक हिसकावून घेतला आणि आबांच्या मनगटावर मारला. मग खांद्यावर, मग जिथं बसेल तिथं. ते मागं सरत गोठ्याच्या भिंतीला टेकले, तरी मी थांबले नाही. शेवटी फोक मोडला. बापावर हात टाकल्याचं वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. नाही वाटलं. आजही वाटत नाही.

आईला उठवायला वाकले तेव्हा साडीला मुताचा वास आला. आत मांड्या सोलून निघाल्या होत्या. म्हणजे काय गळतंय हे घरात आबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांनी त्यावर फोक हा इलाज शोधला होता. मला मात्र पत्ताच नव्हता. त्या मोडक्या फोकाचे अर्धे फटके खरं तर माझ्या पाठीवर बसायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्रास विचारला, आणि माझी जीभ पुन्हा तिथंच घसरली. "हिच्या अंगावरून..."

आईनं माझा हात दाबला. "मूत गळतंय, बाई. बसले तरी, निजले तरी. कळत बी न्हाई मला."

बाईंनी नळीतून मूत्राशयात निळं औषध सोडलं. योनीत ठेवलेला कापूस निळा होऊन बाहेर आला. पिशवी काढताना मूत्राशयाला भोक पडलं होतं. जुन्या सिझरमुळं ते पिशवीला चिकटलेलं असतं, चांगल्या हातूनही असं होतं, असं त्यांनी समजावलं. पहिल्या दिवसांत कळतं तर नुसती नळी ठेवून भोक कदाचित बुजलंही असतं. आता दुसरं ऑपरेशन. हे ऐकताना मी आईकडं पाहू शकले नाही.

तीनेक महिन्यांनी भोक शिवलं आणि आई कोरडी झाली. तिला बघायला पाहुणे आले. आबा ओटीवर चहा पीत त्यांना सांगत होते, की काही विशेष नव्हतं, जरा अंगावरून जात होतं.

आई चुलीपुढून उठून दारात आली.

"मूत गळत व्हतं म्हना," ती म्हणाली. "आन त्यापायी मला मारलं, त्ये बी सांगा."