खुर्च्या सुमेधकडे, मूर्ती अथर्वकडे

“सुमेध, तू खुर्च्या घे. मूर्ती अथर्व घेईल.”

असं बाई म्हणाल्या. सगळ्यांसमोर. हसत. लंडनच्या कडेला, हॅरोतल्या भाड्याच्या हॉलच्या मधोमध, पैठणी नेसून, हातात मोबाइल धरून. या आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई. स्टॅनमोरला मोठं घर. अथर्व त्यांचा मुलगा, लंडनला बँकेत आहे. सुमेध माझा नातू.

सुमेधच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. पट्टा बांधून चालायचा. डॉक्टरनं वजन उचलू नको म्हणून बजावलेलं. त्यानं मान हलवली आणि भिंतीशी रचलेल्या लोखंडी खुर्च्या उचलायला गेला.

आदल्या वर्षी हीच मूर्ती याच बाईंनी त्याच्या हातात दिली होती.

आदल्या वर्षी तो अमेरिकेत फुटबॉल खेळत होता. पायानं खेळतात तो नव्हे. त्यांचा तो लांबट चेंडू हातात घेऊन पळतात, तो. त्यात याचं काम एकच. एकजण चेंडू याच्या पोटाशी खुपसतो. समोर दांडगी माणसं भिंतीसारखी उभी. त्या भिंतीत घुसायचं. चार पावलं पुढे जायचं, आपटायचं, उठायचं, परत घुसायचं. रनिंग बॅक म्हणतात. मला ती हमालीच वाटली. ओझं पोटाशी धरायचं आणि मार खात पुढे न्यायचं. हमाल पडला तर कुणी टाळ्या वाजवत नाही, एवढाच फरक.

आणि ओझं सोडायचं नाही. चेंडू दोनदा सुटला की तिसऱ्यांदा कुणी हातात देत नाही. म्हणून सुट्टीला इकडे स्लाऊला आमच्या घरी आला की घरातसुद्धा चेंडू काखेत दाबून फिरायचा. कोचनं सांगितलेलं. चहा एका हातानं करायचा. फ्रिज एका हातानं उघडायचा. मला म्हणायचा, “आजी, तू मागून मार. हार्ड मार. वॉर्निंग नको देऊ.”

मी पोळ्या लाटत असायचे. पाठमोरा दिसला की लाटण्याचा दणका.

“अगं आई गं! पडली का बॉल? नाही पडली!”

कधीच पडला नाही. माझं लाटणं तडकलं.

तो हे खेळायला लागला तेव्हा बाई माझ्या सुनेला म्हणाल्या होत्या, “का गं, अभ्यास झेपत नाही का त्याला?” मग तिकडच्या मोठ्या संघानं त्याला घेतलं. टीव्हीवर दिसला. बाईंचा फोन आला. आपला सुमेध, आपला सुमेध. आमचं मंडळ माघी गणपती बसवतं, कारण भाद्रपदात हॉल मिळत नाही. माघात त्यांचा तिकडचा हंगाम संपलेला असतो, सुमेध घरी असतो. मग शाल, नारळ, हातात मूर्ती, फोटो. भाषणात बाई म्हणाल्या, हा मराठी मातीचा मुलगा आहे. मी मागच्या रांगेत होते. मनात म्हटलं, माती आमचीच, फोटो तुमचा.

मी चौथी शिकले. नागपूरहून आले आणि इथल्या एस्टेटवर, कारखान्यात, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरले, थंडीनं बोटं फुटेपर्यंत. या मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंच्या सासूनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती “अच्छा” म्हणाली. त्यानंतर मला मोठी पातेली घासायला बोलावायचे. प्रसाद वाटायला कधीच नाही. देव आम्ही नागपुरातच सोडलेले, मला त्यांच्या मूर्तीचं काही नाही. पण माझा मुलगा म्हणायचा, “आई, चार आपली माणसं भेटतात.” म्हणून जायचं. चार आपली माणसं!

त्या ऑक्टोबरात सुमेधचा गुडघा गेला. दोघांनी खालून पाय धरला, तिसरा वरून पडला. आम्ही टीव्हीवर बघितलं. स्ट्रेचरवर घातला तरी चेंडू काखेतच होता. कुणीतरी तो काढून घेतला. त्याच्या जागी दुसरा पोरगा आला आणि त्याच चेंडूनं खेळ सुरू झाला. हंगाम संपला तसं संघानं कळवलं, आता नको. झालं करिअर. पोरगा पंचविशीतला.

घरी आल्यावर चेंडूला हात लावला नाही त्यानं.

आणि आठवड्याभरात हा हॉल. खुर्च्या घे.

मी बाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं मी विचारतेय.

“त्याच्या गुडघ्याचा भरवसा नाही ना, आजी. मूर्ती पडली-बिडली तर केवढा अपशकुन! खुर्च्यांचं काय, त्याला एक्सरसाइज होईल. तुमच्यात ताकद जात्याच असते. आमच्या अथर्वला मेली सूटकेस उचलत नाही.”

सगळे हसले. माझा मुलगाही हसला. थोडंसं.

मूर्ती शाडूची, एका हातात मावेल एवढी. तिला हा गुडघा चालत नाही. लोखंडी खुर्च्यांना चालतो. शिकलेल्या बाईचा हिशेब आहे, मी काय बोलणार.

सुमेध दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन लंगडत माझ्यासमोरून गेला. त्याचं तोंड बघितलं. स्ट्रेचरवर होतं त्याहून वाईट. तिथं नुसतं दुखत होतं. इथं त्याला पटत होतं. आपण आता खुर्च्यांच्याच लायकीचे, हे पटत होतं. तेवढं मला बघवेना.

बाहेर ढोल सुरू झाला. अथर्व गाडीतून मूर्ती घेऊन बाहेरून दाराकडे यायला लागला. मी उठले. सुमेधच्या हातातली एक खुर्ची घेतली. हॉलच्या दारात मधोमध मांडली. बसले.

“आजी, जरा बाजूला होता का?” अथर्व म्हणाला.

“का रे?”

“मूर्ती आत घ्यायचीय.”

“घे की. खुर्ची उचल. माझ्यासकट उचल. एक्सरसाइज होईल.”

ढोल थांबला. बाई धावत आल्या.

“आजी, हे काय? इतक्या लोकांत?”

“तुम्ही त्याला इतक्या लोकांतच सांगितलंत.”

मुलगा कानाशी आला. “आई, ऊठ. तमाशा नको.”

“तू मघाशी हसलास ना? आता गप्प बस.”

बाई हुशार. माझ्याशी बोलणं सोडलं. “अहो, त्याला काही वाटलेलंच नाही. त्यालाच विचारू. सुमेध, तुला वाईट वाटलं का रे?”

सगळ्या माना वळल्या. तो उभा होता, दुसऱ्या हातात खुर्ची तशीच. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार. लहानपणापासून त्याला तेच शिकवलंय. काकूंना नाही म्हणायचं नाही, काकूंसमोर वाईट वाटून घ्यायचं नाही.

त्यानं खुर्ची खाली ठेवली.

“येस, काकू. वाटलं.”

एवढंच. मग मला उठवायला हात पुढे केला. मी तो धरला नाही. गुडघा त्याचा गेलाय, माझा नाही.

आम्ही दोघं बसनं घरी आलो. मुलगा आरतीला थांबला.

यंदा माघात परत फोन आला. बाईच. आवाजात साखर. “झालं गेलं विसरा, आजी. सुमेधला आणा. यंदा मूर्ती मोठी आहे, अथर्वला एकट्याला नाही जमायची.”

मी म्हटलं, “नाही जमत तर बसवू नका.”

“आजी, देवाचं काम आहे.”

“देव तुमचा. खुर्च्या तुमच्या. पातेलीसुद्धा तुमचीच, मी नुसती घासली. आता तुमचं तुम्ही उचला.”

मुलाला अजून वाटतं, मी जास्त केलं. वाटू दे. त्याला जायचं तर त्यानं जावं. त्यानं हसावं, आरती म्हणावी, पुढच्या रांगेत जागा मिळते का बघावी. सुमेध जाणार नाही. आणि त्याला उचलून न्यायला कुणी या दारात आलंच, तर त्यांनी आधी मला उचलावं.