बाई एकदाच विचारतात

ब्याण्णवाव्या वर्षी आल्विनाबाई स्कार्स्टाडांनी हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या चिकटपट्टीची तीन रिळं आणली, आणि नॉर्डबीतल्या निम्म्या नातेवाइकांची झोप उडाली.

चिकटपट्टी गावाला नवी नव्हती. चर्चच्या तळघरात जेवण असलं की घरोघरची बाई आपल्या भांड्याच्या बुडाला पट्टी लावून नाव लिहायची, म्हणजे भांडं ज्याचं त्याच्या घरी परत जायचं. आल्विनाबाईंनी तीच पद्धत सगळ्या घराला लावली. घड्याळाच्या पाठीला नाव, कपाटाच्या आत नाव, टेबलाच्या पोटाखाली नाव. "मी गेल्यावर कोणी कोणाच्या अंगावर जायला नको," त्या म्हणाल्या. स्कार्स्टाडांच्या चार पिढ्यांत कोणी कोणाच्या अंगावर गेलेलं नव्हतं. आवाज चढवलेलासुद्धा कोणाला आठवत नव्हतं. पण बाईंना सगळं लेखी लागायचं.

काम सरळ होतं. वस्तू हातात घ्यायची, समोरच्याला विचारायचं, "हवी?" हो म्हटलं की पट्टीवर नाव. नको म्हटलं की पेनाला टोपण. एक्केचाळीस वर्षं वर्गात त्यांनी कुठलाही प्रश्न दोनदा विचारला नव्हता. ज्याचं लक्ष नाही त्याचं नुकसान.

घोटाळा इथेच होता. नॉर्वेहून आलेल्यांनी वसवलेल्या या नॉर्डबीत पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. कॉफी विचारली की पहिल्यांदा "नको, नको", दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास", आणि तिसऱ्यांदा "बरं, असलीच तर अर्धा कप". मग तीन कप. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर बाहेरगावचा.

बाहेरगावचा एक होता. चर्चचे नवे पास्टर ट्रेव्हिनो. दोन वर्षांपूर्वी टेक्ससहून आलेले, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. बाईंनी डुलती खुर्ची दाखवून "हवी?" म्हणताच ते म्हणाले, "अहो, हवी म्हणजे! किती सुंदर आहे!" झालं, खुर्चीखाली पास्टरांचं नाव. त्याआधी पाचच मिनिटं बाईंचा मुलगा डेल्मर त्याच खुर्चीला "नको गं, राहू दे" म्हणाला होता. अडुसष्ट वर्षांचा डेल्मर लहानपणी त्या खुर्चीत झोपायचा. आता दर रविवारी आईकडे आला की तो पास्टरांच्या नावावर बसून डुलायचा, पण चेहरा पेरणी बुडाल्यासारखा.

ऑगस्ट ते मार्च एवढ्या काळात पास्टरांकडे खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लाटायचं खाचांचं लाटणं आणि शिवणाचं मशीन लागलं. त्यांना लेफ्से करता येत नव्हती. शिवणही येत नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, म्हातारीच्या वस्तू घरच्या कोणालाच नकोत. त्या दुःखाने ते प्रत्येक वस्तूला आणखी जोरात हो म्हणायचे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी पाळी आली डेल्मरच्या मुलीची, मार्नीची. आणि बाईंनी कपाटातून काढली घंटा.

पितळी, लाकडी मुठीची, शाळेची घंटा. मार्नीने ती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा वाजवली होती, आणि तेव्हापासून तिला या घरातली दुसरी कुठली वस्तू नको होती.

"हवी?" बाईंनी विचारलं.

"नको गं आजी," मार्नीचं तोंड म्हणालं. "तुझ्याकडेच शोभते ती."

टोपण खट्‌कन बसलं. "बरं. साखरेचं भांडं?"

मार्नी शाळेची बस चालवायची. चार नंबरची, एकोणीस वर्षं. परत जाताना तिने बसच्या स्टिअरिंगवर इतक्या वेळा कपाळ आपटलं की हॉर्न वाजला आणि शेजारच्या हॉल्गरसनांनी खिडकीतून हात केला.

*

घंटेचं एवढं काय, हे समजायला बाईंचं लग्न ठाऊक हवं. ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त अधिकृतपणे कोणालाच नाही.

एकोणीसशे एकोणपन्नासात एकोणीस वर्षांची आल्विना सहा नंबरच्या शाळेत आली. एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता, अकरा मुलं. दर महिन्याला वेगळ्या शेतकऱ्याच्या घरी राहायचं, पहाटे जाऊन शेगडी पेटवायची, घंटा वाजवायची. करारात स्वच्छ लिहिलं होतं: लग्न झालं की नोकरी संपली.

दर गुरुवारी हाल्वर स्कार्स्टाड शाळेत सरपण टाकायला यायचा. अठ्ठावीस वर्षांचा, दाराएवढा उंच, दाराइतकाच बोलका. पहिल्याच गुरुवारी बाईंनी विचारलं, "आत येऊन कॉफी घेता?"

"नको," हाल्वर म्हणाला.

बाईंनी दार लावलं. हाल्वर उणे वीसात पायरीवर उभा राहिला, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. आत गणिताचा तास संपला, भूगोल सुरू झाला. मग तो घरी गेला. असे दोन हिवाळे गेले. दर गुरुवारी एकदा विचारणं, एकदा नको, एकदा दार. त्याची आई म्हणे, "पोरगं सरपण टाकायला जातं की स्वतः गोठायला?"

दुसऱ्या फेब्रुवारीत एका गुरुवारी हाल्वर बाईंनी विचारायच्या आधीच आत शिरला. सरपण ठेवलं. सगळ्यात मागच्या, आठ वर्षांच्या मुलांच्या बाकावर गुडघे कानाशी घेऊन बसला, आणि त्याने हात वर केला.

अकरा माना वळल्या. बाईंनी खडू ठेवला. "काय, हाल्वर?"

"कॉफी," हाल्वर म्हणाला.

"आणखी काही?"

"आणि बाई."

पहिल्या बाकावरची सिग्ना मोएन, वय नऊ, शिस्तीची पोर, म्हणाली, "बाई, त्यांना पूर्ण वाक्यात सांगायला लावा."

"पूर्ण वाक्यात, हाल्वर."

हाल्वरचे कान शेगडीसारखे लाल झाले. "मला बाईंशी लग्न करायचं आहे."

बाईंनी घंटा घेतली आणि मधली सुट्टी चाळीस मिनिटं आधी दिली. सहा नंबरच्या इतिहासात हे एकदाच घडलं.

शाळेच्या मंडळात तीन शेतकरी होते. करार काढला, कलम वाचलं, कॉफी प्यायली. त्या धूर सोडणाऱ्या शेगडीपाशी दुसरी कोणी शिक्षिका मिळणार नाही, हे तिघांना माहीत होतं. म्हणून ठराव झाला: "लग्नाबाबत मंडळाकडे अधिकृत माहिती नाही." अध्यक्ष लग्नात नवऱ्यामुलाशेजारी उभे होते. पुढे बाईंचं पोट दिसायला लागलं, तेव्हा मंडळाने त्यांना "प्रकृतीच्या कारणाने" रजा दिली. डेल्मर त्याच शाळेत बसायला लागला, तेव्हा हजेरीत त्याच्यापुढे पालकाच्या रकान्यात फक्त हाल्वर. तो आईला वर्गात बाई म्हणायचा, आणि आजही घाबरला की बाईच म्हणतो. मंडळाकडे अधिकृत माहिती शेवटपर्यंत आली नाही. सतरा वर्षांनी शाळा बंद झाली, त्या दिवशी बाई कोटाखाली घंटा घेऊन बाहेर पडल्या. प्रत्येक पावलाला टण्‌ वाजत होतं. मंडळ दारातच उभं होतं. मंडळाने आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस येईल का याची चर्चा केली.

पुढे बाईंनी गावातल्या मोठ्या शाळेत शिकवलं. डेल्मर डुकरांच्या धंद्यात गेला. उरली मार्नी. ती शिक्षिका व्हायला कॉलेजात गेली आणि एका सत्रात परत आली. बाई पाहुण्यांना तिची ओळख करून द्यायच्या, "नात शाळेत असते. म्हणजे, दारापर्यंत." लोक हसायचे, मार्नीही हसायची. पण रोज सकाळी तेहेतीस पोरं दारात उतरवून रिकामी बस वळवताना तिला ते आठवायचं. ती घंटा हातात आली असती, तर आजीने तिला दाराच्या आत घेतलं असतं.

*

मे महिन्यात बाईंना त्र्याण्णवावं लागलं. पेरणीचे दिवस असूनही चर्चचं तळघर भरलं. हॅमचे सँडविच, ओव्हनमधून काढलेल्या सहा हॉटडिश, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली. आणि बाईंच्या खुर्चीशेजारी, टेबलावर, घंटा.

"शेवटची वस्तू आहे," डेल्मर कुजबुजला. "घरात कोणालाच नको, म्हणून आज पास्टरांना विचारणार आहे."

"बाबा, मला हवी आहे ती."

"मग सांग ना."

"असं कसं सांगू? तोंड वर करून, मला द्या म्हणून?"

डेल्मरने विचार केला. "हो, तेही बरोबर दिसणार नाही म्हणा."

"तुम्ही सांगा."

"मी? मला खुर्ची सांगता आली नाही."

केक कापून झाला. बाईंनी घंटा उचलली. ती जराशी वाजली आणि साठ-सत्तरीच्या लोकांनी आपोआप पाठी ताठ केल्या.

"पास्टर," बाई म्हणाल्या, "ही घंटा..."

पास्टर ट्रेव्हिनोंनी हो म्हणायला श्वास घेतला. दोन वर्षांत गावाला त्या श्वासाची ओळख झाली होती. मार्नी सगळ्यात मागे, लहान मुलांच्या बुटक्या टेबलाशी बसली होती, कारण बसमधली पोरं तिला सोडत नव्हती. गुडघे कानाशी आलेले. काय झालं ते तिलाही नंतर नीट सांगता आलं नाही. तिचा हात वर गेला.

"पास्टर, थांबा," बाई म्हणाल्या. "मागे हात वर आहे. काय, मार्नी?"

"घंटा."

दुसऱ्या टेबलावरून सिग्ना मोएन, वय आता ब्याऐंशी, म्हणाली, "बाई, पूर्ण वाक्यात."

"पूर्ण वाक्यात, मार्नी."

"आजी, मला ती घंटा हवी आहे." मार्नीचा आवाज फाटला. "सहा वर्षांची असल्यापासून हवी आहे. मार्चमध्ये नको म्हणाले, ते खोटं होतं."

तळघरात एवढी शांतता पसरली की जेली हलताना ऐकू आली असती. नॉर्डबीत एवढं उघड कोणी देवाकडेही मागत नाही.

बाईंनी चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं, घंटेच्या आतल्या बाजूला पट्टी लावली आणि सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

"ये, घेऊन जा. आणि खोटं बोललीस म्हणून पाच मिनिटं कोपऱ्यात."

मार्नी एक्केचाळीस वर्षांची होती. ती घंटा छातीशी धरून कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग दुसरा हात वर झाला. "बाई," डेल्मर म्हणाला, "खुर्ची."

"अरे देवा!" पास्टर उडालेच. "अहो, मला वाटलं तुम्हाला नकोच आहे! घ्या ना, घ्या, आत्ता नाव बदला!"

डेल्मर लाजला. "नको, नको. राहू दे तुमच्याकडेच."

सगळं तळघर एका आवाजात कण्हलं. पास्टर गोंधळून इकडे तिकडे पाहू लागले, तशी सिग्नाने दोन बोटं वर केली आणि मग तिसरं. पास्टरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"डेल्मर, घ्या हो."

"कशाला उगाच तुम्हाला..."

"डेल्मर!"

"बरं," डेल्मर म्हणाला. "तुम्हाला अडचण नसेल तर."

लाटण्यासाठी तीन हात वर झाले, मशीनसाठी दोन. घड्याळ पास्टरांनी ठेवलं. ते त्यांना खरंच आवडलं होतं. बाईंचं तिसरं रीळ तिथेच संपलं.

या सगळ्या गलक्यात कोपऱ्यातून हळूच टण्‌ आवाज आला.

"मार्नी," बाई मान न वळवता म्हणाल्या, "सुट्टी झालेली नाही."

"हो बाई," मार्नी म्हणाली. पहिल्याच फटक्यात.