फ्लेक्सवरचं कोपर

देशाची काळजी माझ्या मामेभावाइतकी वाहणारा माणूस कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि ज्याची देशाला इतकी कमी खबर होती असाही दुसरा नव्हता. दादा पक्षाच्या युवक आघाडीचा आमच्या प्रभागाचा अध्यक्ष होता. सभासद किती, असं विचारलं की म्हणायचा, "सभासद मोजायचे नसत्यात, जोडायचे असत्यात." जोडलेले सगळे गल्लीतल्या तालमीतले होते, आणि तालमीत व्यायाम सोडून बाकी सगळं चालत असे. सकाळी मामीच्या म्हशींचं दूध गिऱ्हाइकांना घातलं की उरलेला दिवस तो पांढरा शर्ट मळू न देण्यात घालवी. त्याच्या वाढदिवसाला चौकात त्याचाच फ्लेक्स लागे, 'शुभेच्छुक' म्हणून तोच पैसे देई, आणि फोटोत त्याच्या कानाला मोबाईल असे. तो मोबाईल फोटोग्राफरचा होता. "कुणाशी बोलतोयस रे?" मी एकदा विचारलं. "वरिष्ठांशी," तो म्हणाला.

एकदा तो युवकांच्या राष्ट्रीय अधिवेशनाला दिल्लीला निघाला. "मॅडम, तुमी इंग्लिश मिडियमच्या. चार वाक्यं द्या की लिहून. दिल्ली हादरली पायजे." मी दिली. दिल्लीत त्याची बोलायची पाळीच आली नाही. परतीच्या गाडीत ती वाक्यं त्याने शेजारच्या प्रवाशाला ऐकवली, आणि त्याच्या म्हणण्यानुसार तो हादरला. अधिवेशनातून दादाने एक फोटो आणला होता. मध्यभागी दादा, आणि कडेला राष्ट्रीय नेत्याचं कोपर. बाकीचा नेता फोटोबाहेर राहिला होता. तेव्हापासून प्रत्येक फ्लेक्सवर ते कोपर आलं. कुणी विचारलंच, तर दादा नेत्याचं नाव आवाज खाली करून सांगे.

मग महापालिकेची निवडणूक आली. इतकी वर्षं सतरंज्या घातल्या, पोस्टरं चिकटवली, जीपमधून घसा फोडला. यंदा उमेदवारी त्याचीच, असं पक्षाच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. आणि सोडतीत आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. "पुढारी व्हायच्या आधी नवरा झाला असतास, तर आज बायको तरी उभी केली असतीस," मामी म्हणाली. मग तूच उभी राहा, असं दादाने म्हटल्यावर तिने विचारलं, "आणि धारा काय तुजं साहेब काढणार व्हय?" उरले मी. नुकतीच एकवीस पूर्ण झालेली, आणि दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी न बोलता घरी घेऊन येणारी. दुसऱ्या दिवशी चौकात 'सुशिक्षित, तडफदार, रणरागिणी' अशा तीन शब्दांखाली माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा अर्धवट मिटल्या डोळ्यांचा फोटो लागला. शेजारी दादा, मोबाईल आणि कोपर. मी कॉलेजला मागच्या बोळातून जाऊ लागले.

उमेदवारीची मुलाखत साहेबांच्या बंगल्यावर होती. "प्रभागासाठी काय करणार, बाळ?" साहेबांनी विचारलं. माझ्याऐवजी हातातली कपबशीच खडखड वाजायला लागली. खोलीतले सगळे त्या आवाजाकडे बघत होते. साहेब हसले. "चालतंय की. हिनं नुसते हात जोडायचे, बोलायचं तू. उमेदवारी तुझ्या घरात, जा." याच वाक्यासाठी दादाने तारुण्य सतरंज्यांवर घालवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कपबशीकडे. ती माझ्या हातातून काढून घेऊन त्याने टीपॉयवर ठेवली. "न्हाय साहेब," तो म्हणाला. "हिला न्हाय जमायचं. ऱ्हाऊ द्या." घरी येताना स्कूटरवर तो एवढंच बोलला, "च्या लई गोड हुता, न्हवं?"

उमेदवारी एका कंत्राटदाराच्या बायकोला मिळाली. तिच्या सभेतही दादाने सतरंज्या घातल्या, घोषणा दिल्या. देशाने एक नेता गमावला. देशाला ते कळलंही नाही.

आता मी पुण्यात नोकरी करते. सुट्टीला गेले की मामीच्या गोठ्यावर माझा फ्लेक्स दिसतो. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तो दादानेच वर ताणून बांधलाय. उन्हाने रणरागिणी कधीच पुसली गेली, कोपरही गेलं. दादा तेवढा शिल्लक आहे, कानाला मोबाईल लावलेला. खाली तोच दादा धार काढत बसलेला असतो. मागच्या खेपेला मी वर बोट दाखवून विचारलं, "अजून वरिष्ठांशीच बोलतोयस का रे?"

त्याने मान वर केली नाही. "लावलाय कवाचा," तो म्हणाला. "उचलंनात."